चूक आली तरी पुढे चल

१२ सप्टेंबर २००३, शुक्रवार

वसुंधरा मॅडम म्हणाल्या, रोजच्या कामाची नोंद ठेवत जा, म्हणजे प्रोग्रॅम कुठं बिघडला ते मागाहून सापडतं. म्हणून ही वही. मॅडम माझ्या गाइड. विभागातली कायम लेक्चररची जागा या ऑक्टोबरात भरायची आहे, आणि त्याआधी, दहा तारखेला, मला समितीपुढं प्रबंधाचं मुख्य कोष्टक मांडायचं आहे. इतकी वर्षं हंगामी म्हणून राबलो. ही जागा गेली तर पुन्हा घरोघर शिकवण्या करत हिंडावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही.

विषय गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतले अपघात. धोरण बदललं, कंत्राटी कामगार वाढले, त्यामुळं पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बोटं जाण्याचं प्रमाण वाढलं का, हा प्रश्न. बासष्ट कारखाने स्वतः पालथे घातले आहेत. आमचं घर वसाहतीला लागूनच, दिवसभर प्रेसचा दणका चालू असतो, जेवताना ताटातली वाटी हलते. मालक लोक चहा पाजतात आणि अपघाताचं विचारलं की गुजरातीत म्हणतात, "हाथ एणे ज नाख्यो, साहेब." हात त्यानंच घातला. माणसं बासष्ट आणि वाक्य एकच. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आता गणिताचं. प्रत्येक कारखान्यासाठी तेच रिग्रेशन, म्हणजे कशामुळं काय वाढतं ते काढायचं गणित, पुन्हा चालवायचं, म्हणून लूप लिहिला. लूप म्हणजे घाण्याचा बैल, एक फेरा झाला की दुसरा. माझा बैल मात्र नवव्या कारखान्यापाशी येऊन बसतो. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ उमटते आणि सगळं ठप्प. आज दिवसभर हेच. शेवटी कीबोर्ड भिंतीवर घातला, बटणं घरभर झाली. मृदुलानं ती वेचली आणि जागच्या जागी बसवली.

मृदुला, माझी बायको, एम.एस्सी. आहे, स्टॅटिस्टिक्समध्ये. लग्नानंतर नोकरी सोडली. आमच्याकडं बायका नोकरी करत नाहीत. तिचं माहेर जुन्या शहरात, वाडी भागातलं, सगळे शास्त्री-पंतोजी. आवाज चढवणं म्हणजे त्यांच्यात पाप. आमचं घराणं फौजेतलं. पणजोबा संस्थानात, महाराज सरकारांच्या रिसाल्यात होते, त्यांची तलवार अजून घरात आहे. राग आमच्या रक्तातच आहे, त्याला इलाज नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

जमलं! सॉफ्टवेअरच्या पुस्तकात एक शब्द सापडला, कॅप्चर. आज्ञेच्या आधी तो लावला की चूक आली तरी प्रोग्रॅम बोंबलत नाही, थांबत नाही, मुकाट पुढं जातो. लावला, आणि बासष्ट कारखाने धडाधड पार. इतकं साधं होतं.

खुशीत मृदुलाला अलकापुरीत नेलं, तिखट सेव-उसळ खाऊ घातली. परत येताना रिक्षावाला वसाहतीच्या तोंडाशीच थांबला, आत यायला तयार नाही, वर मलाच म्हणतो, "उतरी जाओ." कॉलर धरून खाली ओढला आणि ठेवून दिल्या. त्याचा ओठ फुटला, रक्त माझ्या बोटांना लागलं. मग गपगुमान गेला. मृदुला रस्त्यापलीकडं उभी होती, आम्हाला ओळखतच नसल्यासारखी. घरी आल्यावर विचारलं, तुला लाज वाटली का माझी? नाही म्हणाली. मग ठीक.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहू नये असं वाटत होतं, पण मॅडम म्हणतात सगळं लिहावं.

कोष्टक छापून टेबलावर ठेवलं होतं. मृदुला चहा घेऊन आली, कपबशी हातात तशीच धरून वाचत उभी राहिली. मग विचारलं, नऊपासून चौदापर्यंतच्या कारखान्यांचं उत्तर तिसऱ्या दशांशापर्यंत सारखं कसं? आठव्याचंही तेच आहे. मी म्हटलं, एकाच गल्लीतले कारखाने आहेत, सारखेच असणार. ती म्हणाली, "चूक गेली नाही हो. तुम्ही फक्त तिचं तोंड बंद केलंय. तो शब्द काढा आणि थांबतोय तिथं थांबू द्या." पुढं आणखी काही सांगत होती, त्या कारखान्यांत अपघात नोंदवलेलाच नाही, असं काहीसं.

वर्षानुवर्षं या विषयात मी डोकं फोडतोय आणि ही चहाचा कप हातात धरून माझी परीक्षा घेणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिला बाजूला केलं. नुसतं बाजूला. टेबलाचा कोपरा मध्ये आला. भुवईवर खोक पडली, चहा सगळ्या कोष्टकावर.

आईनं धावत येऊन हळद दाबली, मान मागं करून धरली, पदर फाडून पट्टी बांधली. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. आईला या कामाचा चांगला सराव आहे. डॉक्टरांना न्हाणीघरात घसरली म्हणून सांगितलं, तेही आईनंच, मी तोंड उघडायच्या आत. आबा, माझे वडील, बाहेरच्या खोलीत झोपाळ्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "सूनबाईंना म्हणावं, पुरुष कामात असताना मध्ये येऊ नये." आबा थोडं बोलतात पण मुद्द्याचं बोलतात.

मला वाईट वाटलं, हेही लिहितो. खूप वाईट वाटलं. तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला. तिनं तो देवीच्या फोटोला घातला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. घटस्थापना

आज एका कारखान्यात मालकाशी बोलत उभा होतो आणि माझ्या पाठीमागं प्रेस खाली आली. दणका रोजचाच, पण यावेळी त्यात दुसरा आवाज मिसळला, ओला. वळून पाहिलं तर एक काळा उंच माणूस स्वतःच्या हाताकडं बघत उभा. ओरडला नाही. तो ओरडत नाही याचंच मला भय वाटलं. पत्र्यावर रक्त पसरत गेलं आणि त्यात बोटं पडलेली. कुणीतरी ती फडक्यात गुंडाळली. मालकानं पहिलं वाक्य काय म्हणावं? "जोयुं ने साहेब? हाथ एणे ज नाख्यो." बघितलंत ना, म्हणे! तिथंच त्याचं नरडं धरावंसं वाटलं. प्रेसला जाळी नाही, सुरक्षेचं बटण तारेनं बांधून टाकलेलं, आणि चूक त्या माणसाची.

घरी येऊन उलटी झाली. मृदुला पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या भुवईवरची पट्टी अजून आहे. तिला म्हटलं, अशा लोकांना भर चौकात फटके मारले पाहिजेत. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. चौकातल्या गरब्याचे कर्णे जोरात होते, ऐकू गेलं नसेल.

१ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमनी नवीनच फाटा फोडला. म्हणाल्या, नुसतं उत्तर नको, प्रत्येक कारखान्यासाठी हजार हजार वेळा नमुने काढून उत्तर किती डळमळतं तेही दाखवा. दुष्काळात तेरावा महिना. माझ्या जुन्या मशीनवर हे काम शनिवार संध्याकाळपर्यंत चालेल. मृदुला दारातूनच म्हणाली की प्रत्येक कारखाना झाला की उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगा, सगळं शेवटी एकदम नको. आत नाही आली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ऐन वेळी कोण बदल करत बसणार?

सकाळी लूप सुरू केला. घरात बजावलं: कुणीही, कुणीही म्हणजे कुणीही, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. वीज गेली तरी चालू राहावा म्हणून यूपीएस शेजारी ठेवला आहे. माझी नोकरी त्या डब्यात गरगरतेय.

४ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

सकाळी. लूप चालूच आहे. आईनं लिंबू आणि राखेनं तलवार घासून आरशासारखी केली, वर तेलाचा हात फिरवला. आबांनी पाट मांडला. पूजेला तलवार उघडीच लागते, म्यान शेजारी वेगळं. आबांची अवजारं, आईची विळी, सगळी ओळीनं मांडली आहेत. आबा म्हणाले, ज्याचं जे हत्यार त्यानं ते आणावं. मी हसून म्हटलं, माझं हत्यार चालू आहे, त्याला लांबूनच हळदकुंकू वाहा. विभागात जाऊन येतो, संध्याकाळी उत्तर तयार.

संध्याकाळी. घडलं तसं लिहितो.

घरात शिरलो तर पडदा काळा. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, कपाळाला लावावं तसं मॉनिटरला गंध, वर अक्षता. आतला पंखा बंद, यूपीएस बंद. वायर भिंतीतून उपटून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. सगळं गेलं. एक आकडा शिल्लक नाही.

मी विचारलं, कुणी? मृदुला पुढं आली. ती म्हणाली, "अहो, आधी ऐकून घ्या." आईनंही तोंड उघडलं होतं, पण झोपाळ्यावरून आबा खाकरले आणि ती गप्प झाली. ऐकून घेण्यासारखं काय उरलं होतं? कॉम्प्युटरचं हिलाच समजतं, सारखी माझ्या प्रोग्रॅममध्ये नाक खुपसणारी हीच. माझ्या कानात प्रेस चालू झाली. हाताला आलं ते उचललं. म्यान होतं, मला तरी तसंच आठवतं. एकदा, मग पुन्हा. तिनं हात मध्ये घातला. झेंडूवर रक्त उडालं, भिंतीवर उडालं, मॉनिटरच्या काचेवरून ओघळ खाली आला. ती ओरडली नाही. आईच्या हातातलं तबक पडलं, तोच काय तो आवाज. आबांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

शेजारच्यांनी रिक्षा आणली. आई तिच्याबरोबर गेली, अनवाणीच. मी तलवार पुसून म्यानात घातली. पाट अजून तसाच आहे.

५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

मृदुलाचे वडील दत्तात्रेयकाका, त्यांचा दवाखान्यातून फोन आला. म्हणाले, डाव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या, करंगळी ठेवता आली नाही. एवढंच सांगून फोन ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. डावा हात आहे, लिहायचा नाही, हे नशीब. माझ्या कोष्टकात डाव्या हाताची करंगळी 'किरकोळ' या रकान्यात जाते.

दुपारी आबांना सोनं द्यायला गेलो. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, पायांना हात लावला. ते म्हणाले, "ते यंत्र मी बंद केलं होतं. सूनबाई नको नको म्हणत होत्या, हात जोडत होत्या. पण खंडेनवमीला हत्याराला विश्रांती द्यायची असते. नवमीला हत्यार चालवू नये."

मी पायांवरून हात काढला नाही. आबा वडील आहेत. घराण्याची रीत आहे, त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. मृदुलानंच लगेच नाव सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर हे झालंच नसतं.

फाफडा-जलेबी आणली होती, कुणी खाल्ली नाही. आई सकाळपासून दवाखान्यात. एकटी रिक्षानं गेली. आई आजवर एकटी कुठं गेल्याचं मला आठवत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

वेळ थोडा उरला आहे. लूप पुन्हा लावायला बसलो. काय मनात आलं कुणास ठाऊक, तो कॅप्चर शब्द काढून पाहिला. नवव्या कारखान्यापाशी थांबला. लाल ओळ यावेळी नीट वाचली: अपघाताच्या रकान्यातले सगळे आकडे एकसारखे आहेत, गणित करता येत नाही. म्हणजे त्या कारखान्यात कागदोपत्री एकही अपघात नाही. सगळीकडं शून्य. गणित होत नव्हतं, चूक मुकाट गिळली जात होती, आणि आठव्याचाच जुना आकडा नवव्यापुढं छापला जात होता, मग दहाव्यापुढं, मग अकराव्यापुढं. नववा कारखाना म्हणजे, त्या दिवशी माझ्यासमोर बोटं गेली तोच. तिथं कागदावर काही घडतच नाही.

मृदुला हेच सांगत होती.

म्हणजे शनिवारपर्यंत लूप पुरा झाला असता तरी ते सगळं केरातच गेलं असतं. समितीपुढं माझी शोभा झाली असती. एका अर्थी आबांनी बंद केलं ते बरंच झालं. मृदुलाला हे सांगितलं पाहिजे, तिला हायसं वाटेल. दवाखान्यातून तिला माहेरी नेलं होतं, म्हणून संध्याकाळी वाडीत गेलो. दत्तात्रेयकाका दारात आडवे उभे राहिले. आतून आईचा आवाज आला. मला सांगून गेली होती की देवीला जाते म्हणून. मी हाक मारली, आली नाही. काकांना म्हटलं, मृदुलाला फक्त सांगा, तिचं बरोबर होतं. काका म्हणाले, "ते तिला माहीत आहे." दार लावून घेतलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पोलिस सकाळीच आले. शेजाऱ्यांपैकी कुणी तक्रार केली असेल असं धरून चाललो. चौकीत इन्स्पेक्टरनं गुजरातीत विचारलं, काय झालं. मी सांगितलं, रागात तलवार उचलली, पण म्यानासकट, नुसती दाखवायला. "हाथ एणे ज वच्चे नाख्यो, साहेब." हात तिनंच मध्ये घातला.

तो लिहिताना थांबला. वर न बघता म्हणाला, "बधा एम ज कहे छे." सगळे असंच म्हणतात. मला त्याचा राग आला. सगळ्यांत मला कशाला धरतो?

मग त्यानं तक्रार वाचून दाखवली. तक्रार करणाऱ्याचं नाव, मथुराबाई फत्तेसिंहराव. माझी आई. खाली सही नाही, अंगठा आहे. मी म्हटलं, आईला सही येते. तो म्हणाला, उजवं मनगट वाकडं आहे, लेखणी धरवत नाही म्हणाल्या. हे मला माहीत नव्हतं. मनगट वाकडं आहे ते ठाऊक होतं, मी लहान असताना ती जिन्यावरून पडली होती. तसं मला सांगितलं होतं.

आईनं लिहून दिलंय: "तलवार पूजेला उघडी मांडली होती. म्यान त्यानं नंतर घातलं. पहिला वार हातावर नव्हता, डोक्यावर होता. पोरीनं हात वर केला म्हणून डोकं राहिलं. मी समोर उभी होते. मी आजवर खोटं सांगत आले, आता सांगणार नाही."

आई थकली आहे, तिला नीट आठवत नसेल. मला डोकं फोडायचं नव्हतं. मला काय करायचं होतं ते मला आठवत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी जामिनावर सुटलो. समितीची वेळ टळून गेली होती. मॅडमना फोन केला, म्हटलं, प्रोग्रॅममधली चूक सापडली, चार दिवस द्या. त्या म्हणाल्या, "मी काल वाडीत तिला भेटून आले, समरजित. तिच्या हाताला लागेल तितका वेळ घ्या." आणि फोन ठेवला.

घरी कॉम्प्युटर चालूच होता, बुधवारपासून. नवव्या कारखान्यापाशी थांबलेला, लाल ओळ पडद्यावर तशीच. काचेच्या कडेला रक्ताचा सुकलेला डाग आहे, तो नखानं निघत नाही.

आबांनी स्वतःच्या हातानं चहा केला होता, दूध उतू घालवून. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना स्वयंपाकघरात पाहिलं. एक कप मला दिला. झोपाळ्यावर बसले, पण झोका घेतला नाही. तलवारीच्या रिकाम्या खुंटीकडं बघत होते; तलवार पोलिसांनी नेली. मग विचारलं, "तुझ्या आईनं काय काय लिहून दिलंय?"

मी सांगितलं, माझ्याबद्दल.

"आणि माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, नाही, काही नाही. पण इन्स्पेक्टरनं मला माझ्यापुरतंच वाचून दाखवलं होतं. त्या कागदावर पुढं अजून बरंच होतं.